अरुणावतीकाठची जुनी होडी

यवतमाळहून दारव्ह्याच्या रस्त्याला लागलात, की शहर मागे पडायला फारसा वेळ लागत नाही. चैत्राच्या आरंभी या रस्त्याच्या दोन्ही अंगांना नांगरलेली काळी शेते उघडी पडलेली असतात, बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग रचून ठेवलेले असतात आणि पळसाची शेवटची फुले धुळीत विरत असतात. दारव्ह्याला मूर्तिजापूरहून येणाऱ्या जुन्या नॅरोगेज रेल्वेचे रूळ दिसतात. ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखली जाणारी ती गाडी आता धावत नाही, पण रूळ पाहिल्यावर मनुष्य क्षणभर वाफेची शिटी ऐकू येते का, म्हणून कान देतो. पुढे दिग्रस लागते. तेथून अरुणावतीच्या जलाशयाकडे वळलात, म्हणजे एका उंचवट्यावर रस्ता संपल्यासारखा वाटतो आणि समोर अनपेक्षितपणे पाणी पसरलेले दिसते. कोरडवाहू कापसाच्या मुलखातून दोन तास आल्यावर एवढे पाणी पाहून डोळे निवतात.

वाशीम जिल्ह्यातून येणारी ही नदी दिग्रस आणि आर्णीवरून पुढे जाऊन पैनगंगेला मिळते. जलाशय चैत्रात आटत जातो, तसतशी काठाची गाळाची जमीन मोकळी होते आणि तिच्यावर गाळपेराची हिरवी पट्टी उगवते. पाण्याकडे पाहिलेत, तर भोई समाजातील मासेमार पहाटे जाळी काढताना दिसतील. कोणी लाकडी डोंग्यात असतो. कोणी थर्माकोलचे जाड तुकडे दोराने आवळून केलेल्या तराफ्यावर मांडी घालून बसलेला असतो. पोटासाठी माणूस कशावर बसून पाण्यात जातो, ते पाहिले म्हणजे आपल्या खुर्चीचा आधार फार वाटू लागतो.

मी मात्र पाणी पाहायला गेले नव्हते. माझे मावसभाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, नौदलातून निवृत्त होऊन या काठच्या गावी राहतात. त्यांच्या अंगणात तेरा फुटांची शिडाची एक जुनी होडी आहे. समुद्रापासून इतक्या दूर, ज्वारी-कापसाच्या गावात शिडाची होडी! गावाला तिचे नवल वाटणे केव्हाच संपले आहे. कोकणपट्टीतील एका शहरातील लिलावात दादांनी ती घेतली आणि कापसाच्या गाठी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये टाकून आणली. ती ‘एंटरप्राइज’ जातीची आहे. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज आराखडाकाराने १९५६ मध्ये ही दोन माणसांची होडी आखली आणि तिची निळी शिडे जगभर ओळखीची झाली. आपल्याकडेही होडी चालवायला शिकणाऱ्या कित्येकांनी पहिले धडे हिच्यावर घेतले आहेत. आरंभी ती प्लायवूडची बनत असे, पुढे फायबरग्लासची बनू लागली. दादांची फायबरग्लासची आहे, आणि चांगली जुनी आहे.

वहिनींचा फोन आला होता. “ताई, याहिले येऊन समजावून सांगा. माझं आयकत नाहीत.” त्यामागचे कारण मला ठाऊक होते. गेल्या मे महिन्यात दादांनी कापूस साठवायच्या पत्र्याच्या खोलीत होडी घेतली, उन्हाच्या झळा नकोत म्हणून दार अर्धे ओढून घेतले आणि विजेच्या ग्राइंडरने तिचा तळ घासायला सुरुवात केली. दोन दिवस घासकाम, तिसऱ्या दिवशी रेझिन. रात्री झोपही तेथेच, कारण खोली जरा थंड होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांना धाप लागली. ओठ निळसर दिसू लागले. तरुणपणी त्यांनी भरपूर सिगारेटी ओढल्या होत्या, त्यामुळे फुप्फुसे आधीच दुबळी होती. चार दिवस रुग्णालयात काढून ते घरी आले. आता पुन्हा उन्हाळा आला होता आणि होडी पुन्हा उलटी मांडली गेली होती. कुटुंबाने ती भंगारात द्यायचे ठरवले, पण फायबरग्लासला भंगारवाला विचारत नाही. मी चिकित्सक म्हणून ‘हे बंद करा’ असे सांगायला गेले होते, हे तुमच्यापासून लपवत नाही.

अंगणात पोहोचले तेव्हा दादा कडुनिंबाच्या सावलीत होडीच्या पालथ्या तळावर लहान लाकडी हातोडी टिचकीसारखी मारत, कान लावून ऐकत होते. जेथे थर एकजीव असतो तेथे ‘टण’ असा कोरडा आवाज येतो. आत थर सुटलेला किंवा पाणी मुरलेले असेल तेथे ‘भद्’ असा मेलेला. पेन्सिलीने ते त्या जागांना वर्तुळे करत होते. मला हसू आले, कारण आम्ही रुग्णाच्या छातीवर बोटांनी हेच करतो. लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन वैद्याने ही पद्धत १७६१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली; तो एका खानावळवाल्याचा मुलगा होता आणि दारूची पिंपे ठोकून त्यांत किती माल उरला ते ओळखण्याची रीत त्याच्या घरातलीच होती असे सांगतात. दादांना हे सांगितले, तर ते म्हणाले, “मग आता तूच ठोक. माझे कान गेले इंजिनरूममध्ये.” आणि वाचकहो, ‘हे बंद करा’ म्हणायला आलेली मी तासभर होडीचा तळ ठोकत बसले.

फायबरग्लास म्हणजे काय, हे येथे थोडे समजून घ्या, कारण ते तुमच्याही घरात आहे. काचेचे केसापेक्षा बारीक तंतू चटईसारखे पसरायचे, त्यांवर पॉलिएस्टर रेझिन नावाचा मधासारखा द्रव ओतायचा, आणि त्या द्रवात कडक करणारे रसायन, म्हणजे हार्डनर, घातलेले असल्यामुळे काही वेळात सगळे मिळून दगडासारखे घट्ट होते. १९४० च्या दशकापासून अशा होड्या बनू लागल्या. लाकूड कुजते, लोखंड गंजते. हे काहीच होत नाही, अशी तिची कीर्ती होती. ती पूर्ण खरी ठरली नाही. होडीच्या बाहेरच्या गुळगुळीत थराला जेलकोट म्हणतात. वर्षानुवर्षे पाण्यात राहिल्यास त्यातून पाण्याचे अंश आत झिरपतात, रेझिनमधील न जुळलेले घटक विरघळवतात आणि तेथे फोड येतो. फोड फोडला, तर आंबूस, व्हिनेगरसारख्या वासाचा चिकट द्रव येतो. नवलाची गोष्ट अशी, की हा विकार खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या आणि उबदार पाण्यात लवकर होतो. समुद्रातून निवृत्त होऊन अरुणावतीच्या गोड पाण्यात आलेली होडी आजारी पडली, ती त्यामुळेच. दादांनी पहिली दोन वर्षे तिला पाण्यातच बांधून ठेवले होते. आता ती वापर झाला की काठावर काढून सावलीत पालथी ठेवली जाते. ऊनही तिचे शत्रू आहेच. उन्हाने जेलकोट खडूसारखा भुरभुरतो आणि शिडाच्या कापडाआधी शिवणीचा दोरा मरतो.

असे फोड बुजवून वर रंग दिला, तर ते पुढच्या वर्षी परत येतात. आधी तळ उघडा करून वारंवार स्वच्छ पाण्याने धुवावा लागतो आणि मग कित्येक आठवडे, कधी महिनेही, वाळू द्यावा लागतो. वाळला की नाही, हे पाहायची दादांची युक्ती साधी आहे. पॉलिथिनचा चौकोनी तुकडा तळावर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावायची; सकाळी आतून दव धरले असेल, तर होडी अजून ओली आहे. घेतली तेव्हा चौघांना जी उचलत नव्हती, ती या वर्षी दोघांनी सहज उचलली. एवढे पाणी तिच्या अंगात होते!

पण होडी बरी होत असताना होडीवाला आजारी पडतो, ते कसे? रेझिनला जो उग्र, गोडसर वास येतो तो स्टायरीनचा. बंद खोलीत त्याने डोके दुखते, चक्कर येते, घसा आणि डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याचा श्वास अडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले आहे. वर्षातून दोन दिवस उघड्यावर काम करणाऱ्याने भयभीत व्हावे, असा त्याचा अर्थ नाही. कारखान्यात रोज काम करणाऱ्यांचा प्रश्न त्याहून फार मोठा आहे. तरी अंथरूण त्याच खोलीत टाकणे, हे मात्र शुद्ध वेडेपण होते आणि मी दादांना तसे सांगितले. घासताना उडणारी काचेची आणि रेझिनची धूळ हा वेगळाच त्रास.

“मास्क लावला होता ना,” दादा म्हणाले आणि त्यांनी खुंटीवरचा कापडी मास्क दाखवला.

यवतमाळ जिल्ह्यात मास्क हा शब्द उच्चारला, की आम्हा वैद्यकीय मंडळींच्या डोळ्यांसमोर २०१७ चा पावसाळा उभा राहतो. कापसावर कीटकनाशके फवारताना त्या एका हंगामात जिल्ह्यातील किमान वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात आले. कित्येकांनी तोंडाला रुमाल बांधलेला होता. रुमालाने वाफ थांबत नाही, ही गोष्ट आम्ही तेव्हापासून सांगत आलो आहोत, आणि माझ्याच मावसभावाच्या खुंटीवर कापडी मास्क लटकत होता. धुळीसाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ चालतो. रेझिनच्या वाफेसाठी तो निरुपयोगी आहे. तिच्यासाठी कोळशाची डबी असलेला, सेंद्रिय वाफा शोषणारा मास्क लागतो, आणि वास येऊ लागला की डबी बदलावी लागते. अर्थात चाळीस अंशांच्या उन्हात असा मास्क तोंडावर ठेवणे किती कठीण असते, हे फवारणी करणाऱ्याला विचारा. म्हणून काम पहाटे करायचे. दुपारी मास्क लावा म्हणणे सोपे आहे, ते पाळणे माणसाच्या हातचे नाही.

खरे भांडण मात्र पुढे झाले. शेजारच्या घरातला चौदा वर्षांचा मुलगा दादांचा शिष्य आहे. तो उघड्या हातांनी, चप्पल घालून, रेझिनचा डबा घेऊन आला आणि हार्डनरची बाटली दातांनी उघडू लागला. मी ओरडलेच. हे हार्डनर, मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइड, पाण्यासारखे स्वच्छ दिसते. पण डोळ्यात एक थेंब गेला, तर बुबुळ कायमचे जाऊ शकते. गेलाच, तर डॉक्टरकडे धावण्याआधी त्याच जागी, पापण्या उघड्या धरून, निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी. धावण्यात गेलेली मिनिटे भरून येत नाहीत. आणखी एक. कोबाल्टचा जांभळट द्रव, ज्याला अ‍ॅक्सलरेटर म्हणतात, तो आणि हे हार्डनर कधीही थेट एकत्र ओतू नयेत, स्फोट होतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळून मगच दुसरे घालायचे.

“त्याला शिकू दे,” दादा म्हणाले. “मी त्याच्या वयात...”

“तुमच्या वयात तुम्ही कोठे आहात, ते मागच्या मे महिन्यात पाहिले,” असे मी म्हणाले. आवाज चढला होता. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि मुलगा डबा खाली ठेवून निघून गेला. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघे बोललो नाही. दादांची मुले परदेशी असतात. या मुलाशिवाय संध्याकाळी त्यांच्याशी बोलायला कोण येते, याचा विचार मी आधी करायला हवा होता.

चहा झाल्यावर तह झाला. रेझिन आणि घासकाम मुलाने करायचे नाही. शिडाची शिवण, दोरांच्या गाठी, हवाटाक्यांची तपासणी आणि बुचे त्याच्याकडे. ग्राइंडर विकायचा. पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरने हातांनी ओले घासायचे, म्हणजे धूळ उडतच नाही. काम कडुनिंबाखाली, वारा पाठीकडून घेऊन, सकाळी नऊपर्यंत. आणि त्याआधी दादांनी यवतमाळला येऊन फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची चाचणी करून घ्यायची. ती त्यांनी केली. निकाल फार चांगला नव्हता, पण होडी सोडावी इतका वाईटही नव्हता. इनहेलर नियमित घेण्याच्या अटीवर मी होकार दिला. एखाद्या कठोर सहकाऱ्याने कदाचित दिला नसता. पण माझ्यासमोर जो माणूस होता त्याचे सकाळचे चालणे, झुकणे, उचलणे आणि झोप सगळे या होडीभोवती गुंफलेले होते. ती काढून घेतल्यावर त्याच्या फुप्फुसांना काय उरले असते, हे मला चाचणीच्या कागदावर दिसत नव्हते.

विदर्भाच्या उन्हाळ्यात रेझिन कसे वागते, तेही पाहण्यासारखे आहे. हार्डनर साधारणपणे शेकडा एक ते दोन या प्रमाणात घालतात. चाळीस अंशांत दोन टक्के घातले, तर ब्रश बुडवायच्या आत डबा घट्ट होतो आणि इतका तापतो, की धूर निघतो. उरलेले रेझिन पऱ्हाटीच्या ढिगावर फेकले, तर आग लागू शकते. दादा आता सुई काढलेल्या सिरिंजने किलोला दहा मिलिलिटर मोजतात आणि एका वेळी वाटीभरच कालवतात. तडा गेलेल्या जागेभोवती उताराने, जाडीच्या बारापट रुंद घासून घ्यायचे, अ‍ॅसिटोनने पुसायचे, मग काचेच्या चटईचे थर एकावर एक लावून रोलरने बुडबुडे काढायचे. अ‍ॅसिटोनने हात मात्र धुऊ नका. ते कातडीचे तेल काढून घेते. काचेचे तंतू अंगाला टोचून खाज सुटली, तर चोळू नका, गरम पाणीही नको. थंड पाण्याची धार सोडा आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. हे मी मुद्दाम लिहिते, कारण दरवर्षी चैत्र-वैशाखात फायबरचे कूलर माळ्यावरून खाली येतात, तळाला तडा असतो आणि घरातील कोणी तरी बाथरूममध्ये दार लावून तो रेझिनने सांधत बसतो. गच्चीवर न्या.

एका सकाळी तराफ्यावाला मासेमार उरलेले रेझिन मागायला आला. थर्माकोलच्या कडा झिजल्या होत्या, त्यांवर लेप द्यायचा होता. दादांनी काही न बोलता एक तुकडा घेऊन त्यावर चार थेंब टाकले. तुकडा साखरेसारखा विरघळून खड्डा पडला. “अरे बाप्पा! हे त मले खाऊनच टाकीन,” तो म्हणाला. स्टायरीन थर्माकोलला विरघळवते. दादांनी त्याच्या तराफ्याला जाड ताडपत्रीचे आवरण शिवून दिले. मी त्याला तरंगजाकीट घेण्याचा आग्रह केला, तेव्हा तो हसला. झुंजचे नाव काढल्यावर हसणे थांबले. अमरावती जिल्ह्यात वरुडजवळच्या झुंज येथे सप्टेंबर २०२१ मध्ये वर्धा नदीत नाव उलटून एकाच नातेसंबंधातील अकरा जण बुडाले, हे या भागात कोणाला विसरता येत नाही. तुम्ही मुलाबाळांसह कोठल्याही जलाशयावर नौकाविहाराला गेलात, तर आधी जाकिटाचे बंद लागतात का ते पाहा. नुसते अंगावर टाकलेले जाकीट पाण्यात निसटून वर राहते आणि माणूस खाली जातो. होडी उलटलीच, तर तिला धरून राहा. काठ जवळ दिसतो, तितका जवळ नसतो.

जुन्या होडीवर इतका जीव का टाकायचा, असे वहिनींनी एकदा विचारले, तेव्हा दादांनी त्यांना ‘तारिणी’ची गोष्ट सांगितली. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या जहाजवाडीत बनलेली ही फायबरग्लासची शिडाची नौका २०१७ मध्ये नौदलात आली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला सहा महिला अधिकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. सात वर्षांनी, २ ऑक्टोबर २०२४ ला, तीच नौका दिलना आणि रूपा या दोनच अधिकाऱ्यांना घेऊन पुन्हा निघाली आणि २९ मे २०२५ ला गोव्याला सुखरूप आली. “तेच सांगाडं?” वहिनींनी विचारले. “तेच,” दादा म्हणाले. त्याच वाडीत बनलेल्या आधीच्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती, हेही त्यांनी जोडले. वहिनींनी दोन्ही नावे ऐकून घेतली आणि मिरच्यांची देठे खुडत राहिल्या.

दिवाळीनंतर मी पुन्हा गेले. जलाशय काठोकाठ होता, गाळपेराची पट्टी पाण्याखाली गेली होती, आणि पाण्यावरून येणारा सकाळचा वारा अंगावर शहारा आणत होता. परवानगीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दादांच्या खिशात होता. होडीच्या दोन्ही बाजूंच्या हवाटाक्या मुलाने साबणाच्या फेसाने तपासल्या होत्या. टाकीत हलकी फुंकर मारायची आणि सांध्यांवर बुडबुडे येतात का ते पाहायचे. एका ठिकाणी आले होते, ते त्याने खडूने दाखवले आणि दादांनी बुजवले. तळावर जेलकोटचे तीन वेगवेगळे पांढरे दिसत होते, जुने, मागच्या वर्षीचे आणि यंदाचे. दादांनी ते एकसारखे करायचा प्रयत्न केला नव्हता.

होडी पाण्यात ढकलली. शीड चढवताना दादा एकदा थांबले, इनहेलर घेतला, दहा श्वास मोजले आणि पुन्हा दोर ओढला. मी काठावरून मोजत होते, हे त्यांना ठाऊक होते. मग त्यांनी वहिनींकडे हात केला. नऊ वर्षांत त्या होडीत कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी लुगड्यावरून केशरी जाकीट चढवले, बंद स्वतः ओढून पाहिले आणि कडेला धरून आत बसल्या. निळ्या शिडात वारा भरला, होडी एका अंगाला झुकली आणि काठ सोडून निघाली. वीस हातांवर गेल्यावर वहिनींचा आवाज आला.

“बूच लावलं का रे, पोरा?”

मुलगा गुडघाभर पाण्यात उभा होता. तो ओरडला, “दोनदा पायलं, आजी!”